नेमाची ऊब

घेवरचंदशेटच्या घरी पानावर बसलं की ताटात काय वाढलंय ते मागाहून कळायचं, आधी नाकात पेंड शिरायची. जुन्नरच्या पेठेत पुढे घर आणि मागे वखार, मध्ये एकच मातीची भिंत. उन्हाळ्यात तो वास खमंग म्हणावा असा असायचा. पावसाळ्यात खवट व्हायचा, आणि त्या वर्षीच्या श्रावणात तर त्याला खवट म्हणणंही कमीच होतं. शेटची बायको उगमबाई नाकाला पदर लावून चुलीपुढे बसायची आणि भाकरी थापता थापता तिला उमासे यायचे. आपण खातो ते या वासाच्याच जिवावर, हे तिला ठाऊक होतं. त्यामुळे किळस कमी होत नव्हती, वाढतच होती.

प्लेगच्या मोठ्या साथी सरून थोडी वर्षं झाली होती. आंबेगावच्या डोंगरातली खुरासणी आणि निमगाव सावाकडची करडई तेल्यांच्या घाण्यात पिळून निघायची, आणि तिची पेंड गाड्या भरभरून घेवरचंदच्या वखारीत येऊन पडायची. दिवाळीनंतर ऊसवाले आणि पानमळेवाले ती खताला न्यायचे. घाण्याच्या पेंडीत तेल बरंच राहतं. अशी तेलकट पेंड दमट हवेत ढीग घालून ठेवली, की ती आतल्या आत तापायला लागते. कुणी काडी लावावी लागत नाही, ठिणगी पडावी लागत नाही. म्हणून पेंडीच्या प्रत्येक वखारीत एक गज असायचा, पुरुषभर लांबीची लोखंडी सळई, एका टोकाला अणी काढलेली. रोज सकाळी गज ढिगात खोल खुपसायचा, एक विडा चघळून होईपर्यंत आत ठेवायचा, मग उपसून अणीकडचा भाग मुठीत धरायचा. धरवला तर ढीग थंड आहे. सोडावा लागला तर हातातलं काम टाकून ढीग फोडायचा आणि पसरायचा.

उगमबाईचं माहेर घोडनदीचं, तिथेही पेंडीचाच धंदा. तिचे वडील गज मुठीत धरून झाल्यावर गालालाही लावून बघायचे, आणि चातुर्मास बसायच्या आत वखार झाडून रिकामी करायचे. पावसाळ्यात पेंडीत किडे होतात, अळ्या होतात. गज घातला तर त्या मरतात, न घातला तर घर पेटतं. जैनाच्या घरात या पेचाला उत्तर एकच, माल आधी विकून टाकायचा. मग चार महिने खुशाल नेम पाळावा, कुणाचं काही जळत नाही.

घेवरचंदने मालही ठेवला आणि नेमही घेतला. आषाढात भाव पडलेला असतो आणि दिवाळीत चढतो, हे एक कारण. दुसरं असं, की गेल्या वर्षी स्थानकात, म्हणजे जैनांच्या धर्मसभेच्या जागी, दुसऱ्याच कुणाच्या तरी उपवासांचं कौतुक झालं होतं आणि ते त्याच्या मनात सलत होतं. चातुर्मास बसला त्या दिवशी भरल्या सभेत तो हात जोडून उभा राहिला. चार महिने पेंडीतल्या एकाही जिवाला आपल्या हातून किंवा आपल्या सांगण्यावरून इजा होणार नाही, गज घालणार नाही, फावडं लावणार नाही, असा नेम त्याने मागितला. चातुर्मासासाठी उतरलेल्या जैन महाराजांनी विचारलं, "वखारीत माल किती आहे?" घेवरचंद म्हणाला, "थोडका आहे." तेव्हा ढीग आढ्याला टेकला होता. बायकांच्या बाजूला बसलेल्या उगमबाईने ते ऐकलं आणि खाली मान घातली.

नेमानंतर त्याने गज घासूनपुसून घेतला आणि घराच्या पुढच्या बाजूला त्याची सामायिकाची, म्हणजे धर्मध्यानाला बसायची, जी खोली होती तिच्या दाराला आतून अडसर म्हणून लावला. आल्यागेल्याला तो दाखवायचा, "बघा, जीव घेणारं लोखंड आता धर्माच्या दारावर राखण करतंय." लोक माना डोलवायचे.

वखारीतला गडी रखमाजी डिंगोऱ्याचा. त्याला तर सुटल्यासारखं झालं. रोज त्या घाणीत गज खुपसायचा कुणाला हौस होती? तो दारात बसून तंबाखू मळायचा. उगमबाईने एकदा विचारलं, तर म्हणाला, "मालक म्हनले घालू नगं, म्या न्हाई घातला. आपलं काय जातंय?" उगमबाईला त्याचाही राग आला, पण रखमाजीवर रागावून उपयोग नव्हता.

पर्युषण, म्हणजे संवत्सरीला संपणारं जैनांचं आठ दिवसांचं उपवासपर्व, जवळ आलं तसं ढिगावर अळ्यांचं राज्य झालं. आधी त्या पेंडीत कुठे कुठे दिसायच्या. आता वरच्या थरावर पांढरा लोट हलत असायचा. भिंतीवर चढायच्या, आढ्यावरून टपटप पडायच्या. एकदा पिठाच्या डब्यात निघाल्या, एकदा तुपाच्या भांड्याच्या काठावर. उगमबाईने ते तूप गाईपुढे ठेवलं, तर गाईनेही तोंड फिरवलं.

घेवरचंदला मात्र भरतं आलं होतं. जीव न दुखावता झाडायची मऊ लोकरीची पुंजणी घेऊन तो रोज वखारीत जायचा, भिंतीवरच्या, उंबऱ्यावरच्या अळ्या अलगद सुपलीत गोळा करायचा आणि परत ढिगावर नेऊन सोडायचा. "बाहेर पायाखाली येतील बिचाऱ्या," म्हणायचा. संघातली माणसं हे बघायला यायची. तोंडाला मुहपत्ती बांधलेला घेवरचंद हातात सुपली घेऊन उभा, आणि पाव्हणे दारातूनच नाकं दाबून म्हणायचे, धन्य आहे शेटजी. "केवढे जीव वाचले बघा," तो सांगायचा, "नेम घेतला नसता तर एवढे दिसले असते का?" सुपलीतली वळवळ बघून उगमबाई मोरीकडे धावायची. एवढ्या वर्षांच्या संसारात तिला नवऱ्याचा राग कैकदा आला होता. शिसारी पहिल्यांदाच आली.

पर्युषण बसायच्या आदल्या दिवशी सून भंवरी बाळंत झाली. तिच्या माहेरी पुन्हा प्लेगचे उंदीर पडले होते, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच. मुलगा पुखराज मालाच्या कामासाठी नगरला गेलेला, पावसात तिकडेच अडकलेला. मुलगी झाली, लहानशीच, पण चांगलं टणटणीत रडणारी. घेवरचंदने निरोप ऐकला आणि बिछाना पेढीवर नेला. बाळंतिणीचं सोयर आतल्या घरात आहे, आपण बाहेर आहोत, असं त्याचं त्यानेच ठरवलं. आठ दिवसांचा उपवास धरला होता, त्यामुळे चुलीशीही संबंध नव्हता. नातीचं तोंड त्याने पाहिलं नाही. अळ्यांकडे जाणं मात्र एक दिवस चुकलं नाही.

बाळंतिणीची खोली वखारीला लागून होती. तिथलं सगळं शेटची विधवा बहीण सज्जनबाई बघायची. बाहेर पावसाची झड, सगळं घर ओलंगार, आणि ही एक खोली मात्र कोरडी आणि उबदार. "शेगडीसुद्धा लागत न्हाई गं," सज्जनबाई कौतुकाने सांगायची, "भिंतच कशी ऊन हाय बघ. माझ्या भावाच्या नेमाची ऊब हाय ही." तिने बाळाची झोळी मुद्दाम भिंतीशी आणून टांगली, भिंतीतल्या लाकडी खांबाच्या खुंटीला. बाळाचे लंगोट भिंतीवर लावले की बघता बघता वाळायचे. भंवरीही पाठ टेकून बसायची. तिला बरं वाटायचं.

उगमबाईने पहिल्या दिवशी भिंतीला हात लावला तेव्हा भिंत माणसाच्या अंगाएवढी ऊन होती. ती मनाला म्हणाली, शेगडीची धग असेल. मग आठवलं, शेगडी पेटवलेलीच नाही. दोन दिवसांनी हात लावला, तर तापकऱ्याचं कपाळ लागावं तशी भिंत लागली. झोळीत पोरगी घामाघूम होऊन झोपली होती. तिच्या गालाजवळ, दुपट्यावर, एक अळी चालली होती. उगमबाईने ती चिमटीत धरून बाहेर टाकली आणि तशीच पेढीवर गेली. सोयरातलं माणूस म्हणून उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"अहो, भिंत तापलीय. गज घालून बघा."

घेवरचंद माळ ओढत होता. "नेम हाय," तो म्हणाला.

"मग ढीग तरी उघडा. रखमाजीला सांगा."

"फावड्याखाली हजारो जीव जातील. समद्या संघापुढं बोललोय मी."

"अन् भिंतीच्या अलीकडं दोन जीव हाईत, त्यांचं काय?"

"त्यांना कोण मारतंय?" घेवरचंदला खरोखरच कळलं नव्हतं. "बाळंतिणीला ऊब लागतेच की. संवत्सरी होऊ दे, मग बघू."

"माझे वडील नेम घ्यायच्या आधी वखार रिकामी करायचे."

घेवरचंदची माळ थांबली. "तुझ्या बापाला दिवाळीचा भाव कधी कळलाच न्हाई," तो हसून म्हणाला, आणि माळ पुन्हा सुरू झाली.

उगमबाई मागे फिरली. या हातांना आपण इतकी वर्षं वाढत आलो, या माणसाचं उष्टं खाल्लं, हे आठवून तिच्या तोंडाला कडू पाणी सुटलं. भंवरीला तिने भिंतीपासून लांब निजायला सांगितलं. तिची पाठ वळते न वळते तोच सज्जनबाईने झोळी पुन्हा होती तिथे टांगली.

संवत्सरीच्या दिवशी सगळी पेठ स्थानकात लोटली. त्या दिवशी जैन माणूस वर्षभराच्या चुकांची सगळ्या जिवांकडे क्षमा मागतो. वर्षाचा सगळ्यात मोठा दिवस. उगमबाईचाही उपवास होता, पण ती घरीच राहिली. तिसऱ्या प्रहरी ती भिंतीपाशी गेली. लंगोट वाळत घातले होते तिथे ते पिवळे पडले होते. तिने तळवा टेकवला आणि लगेच उचलला.

सामायिकाच्या खोलीत जाऊन तिने दाराचा गज काढला. वखारीचं दार उघडलं तेव्हा वास असा अंगावर आला की तिने दाराला धरूनच एकदा ओकारी काढली. पोटात काही नव्हतं, नुसतं पित्त पडलं. समोर ढिगावर पांढरा थर खदखदत होता. तिने डोळे मिटले. लहानपणापासून मुंगी दिसली तरी पाय उचलून ठेवणारी बाई ती. "मिच्छामि दुक्कडं," ती पुटपुटली, माझं पाप मिथ्या होवो, आणि सगळा भार देऊन गज ढिगात घातला.

विडा चघळून होईपर्यंत थांबायचं, पण उपवासाच्या दिवशी विडा कुठला? तिने नवकार मंत्र म्हटला, सावकाश, परत परत म्हटला. मग गज उपसला आणि वडील धरायचे तशी अणीकडून मूठ आवळली.

मूठ उघडायलाही क्षण लागला, कातडी चिकटली होती. गज दगडी फरशीवर खणखणत पडला. हात झाडत, दात ओठात रोवून ती खाली बसली, आणि तेव्हा तिचं लक्ष गजाकडे गेलं. अणीला काळी, डिंकासारखी पेंड लागली होती. तिच्यात अळ्या होत्या. भाजून तांबूस झालेल्या, कडक, तव्यावर उडालेल्या तिळासारख्या. एक दोन नव्हत्या, सगळा लगदा त्यांचाच होता.

मग तिला सगळंच कळलं. अळ्या वाढल्या नव्हत्या. आत भाजायला लागलं म्हणून ज्यांना जमलं त्या पळून वर आल्या होत्या, भिंतीवर, आढ्यावर, वाट फुटेल तिथे. आणि तिचा नवरा मऊ पुंजणीने त्यांना गोळा करून रोज परत विस्तवावर नेऊन सोडत होता. लोक धन्य म्हणत होते. उगमबाईला पुन्हा ओकारी आली, या वेळी वासाने नव्हे.

ती धावत बाळंतिणीच्या खोलीत आली. "भंवरी, ऊठ. पोरीला घे."

सज्जनबाई दारात आडवी झाली. "या झडीत बाळंतिणीला कुठं नेतीस? खुळी झालीस का?"

उगमबाईने तळवा तिच्यापुढे धरला. कातडी सोलून लोंबत होती. "ढिगात गज घातला हुता, बाईजी. ही बघा तुमच्या भावाच्या नेमाची ऊब."

सज्जनबाईने तळव्याकडे पाहिलं. मग तिने स्वतःच्या हाताने झोळी खुंटीवरून सोडवली आणि पोरीला छातीशी धरलं. "पण न्यायचं कुठं? समदं घर गळतंय."

"सामायिकाच्या खोलीत."

"तिथं? बाळंतिणीला?"

"तीच खोली लांब हाय अन् तीच कोरडी हाय." उगमबाईने भंवरीच्या काखेत हात घातला आणि तिला पुढे घेऊन गेली. घेवरचंदच्या पांढऱ्या आसनावर बाळंतीण निजली. शेजारी पोरगी. सज्जनबाई पायाशी बसली.

रखमाजी वळचणीला तंबाखू मळत होता. ढीग फोड म्हटल्यावर तो कुरकुरला, "मालक काय म्हनत्याल?" उगमबाईने त्याच्या हातावरची तंबाखू फुंकून उडवली आणि त्याला फावडं दिलं. त्याने वरचा थर ओढला, दुसरा ओढला, आतून आधी पिवळा धूर आला, आणि वारा लागताच एकदम भडका उडाला. रखमाजीच्या भुवया गेल्या. तो बोंबलत रस्त्यावर गेला, आणि त्या बोंबेने तरी काम केलं. शेजारपाजारचे लोक घागरी घेऊन आले, ओली पोती, चिखल, जे मिळेल ते टाकायला लागले. आग वखारीतच राहिली, पण भिंतीतला लाकडी खांब आतून केव्हाच कोळसा झाला होता. पाणी पडल्यावर तो मोडला आणि भिंतीचा मधला भाग बाळंतिणीच्या खोलीत कोसळला. खुंटी, झोळीची दोरी, भंवरीची बाज, सगळं त्या ढिगाऱ्याखाली गेलं.

घेवरचंद स्थानकातून आला तेव्हा मागे अख्खा संघ होता. वखारीतून धूर आणि असा काही वास येत होता की लोकांनी पदर, उपरणी, जे असेल ते तोंडाला लावलं. घेवरचंद दारात उभा राहिला. ओल्या, काळ्या चिखलावर आगीत होरपळलेल्या अळ्यांचे पुंजके पडले होते. त्याचे डोळे भरून आले.

"किती जीव गेले असतील," तो म्हणाला. मग त्याला फरशीवरचा गज दिसला. "कुणी घातला? माझा नेम कुणी मोडला?"

पोरगी कुठे आहे, हे त्याने विचारलं नाही. कोसळलेली भिंत त्याच्या समोर होती, भिंतीमागे चिरडलेली बाज दिसत होती, आणि तरी त्याने विचारलं नाही. संघातल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "शेटजी, बाळंतीण कुठं हाय?" तेव्हा कुठे त्याने तिकडे पाहिलं.

"वाचल्या," उगमबाई म्हणाली. "दोघीबी वाचल्या. त्या तुमच्या नेमात नव्हत्या." तिने डाव्या हाताने गज उचलला आणि त्याची अणी नवऱ्यापुढे धरली. "अन् हे तुमच्या नेमातले. म्या घालायच्या आधीच भाजले हुते. तुमी रोज उचलून आत टाकत हुता."

म्हाताऱ्याने वाकून अणीकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. घेवरचंदनेही पाहिलं. चेहरा पडला खरा, पण तो फार वेळ पडलेला राहिला नाही. लोक बघत होते आणि संवत्सरी होती. त्याने हात जोडले. आधी ढिगाला जोडले, सगळ्या जिवांना खमावतो म्हणाला. मग संघाला जोडले. मग गोड, भिजलेल्या आवाजात, स्थानकात बोलायच्या त्याच आवाजात, तो बायकोकडे वळला.

"तुलाबी खमावतो. वर्षभरात काय दुखवलं असंल तर क्षमा कर."

त्यावर उत्तर ठरलेलं असतं. मीही खमावते, एवढंच म्हणायचं. उगमबाईने ते दर वर्षी म्हटलं होतं, मनापासून म्हटलं होतं.

"आधी त्या दोघींना विचारा," ती म्हणाली. "चला."

गज तसाच हातात धरून ती पुढे झाली, तो मागे, त्यामागे संघ. सामायिकाच्या खोलीशी येऊन तिने दार ढकललं. आत आसनावर भंवरी पोरीला पाजत होती. घेवरचंदचा पाय उंबऱ्याशी अडखळला. त्याने धोतराचा सोगा वर घेतला आणि एक पाऊल मागे सरकला.

"सोयर हाय," तो हळूच म्हणाला. "आजच्या दिवशी... न्हाई चालायचं."

उगमबाईने त्याच्या हातांकडे पाहिलं. सुपली धरून धरून त्या बोटांच्या पेरात पेंडीचं तेल मुरलं होतं, नखं काळी पडली होती. ती त्याच्यापुढून आत गेली, दार लावून घेतलं, आणि भाजलेल्या हाताने तोच गज आतून आडवा घातला.